सुधारून सांगितलेला निरोप

ठकूबाई बिनचपलेची पळत आली, तेव्हाच प्रयागबाईंनी ओळखलं की काहीतरी वाकडं झालंय. ठकूबाईला पळताना वाडीत गेल्या वीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. स्वतःच्या वरातीतसुद्धा सगळ्यांच्या मागं राहिली असेल, अशी बाई.

"आक्का, शाळेत पोरं पडली," ओट्याच्या कडेला हात टेकून ती म्हणाली. "सुई टोचली अन् एकामागं एक पडली. तुमचा स्वराज बी हाय त्यात. माझा सूरज बी."

प्रयागबाई मार्केटला न गेलेले डागी टोमॅटो निवडत बसल्या होत्या. मांडीवरचं सूप त्यांनी बाजूला सारलं आणि पदर खोचला.

"शुद्धीवर हायेत का?"

"मला काय म्हाईत. मास्तरचा फोन आला अन् मी इकडंच पळाले."

"मग रडायचं मागनं बघू. तू मळ्यात जा, बायांना सांग. रामनाथला फोन लाव, त्याची पोरगी बी तिथंच असंल. मी व्हते पुढं."

वाटेनं प्रयागबाईंच्या तोंडाचा पट्टा एकटीचाच चालू होता. सगळी भानगड सुनेची. हर्षाली वाडीची आशाताई. घरात दूध उतू गेलं तरी चालेल, पण वाडीत कुणाला शिंक आली की हिची पिशवी खांद्याला. आणि आता ही फ्लूची लस. नारायणगावच्या पुनमचंद शेठची बायको, मंगलाबाई, गेल्या थंडीत साध्या सर्दी-तापाचं निमित्त होऊन गेली. डॉक्टर म्हणाले, फ्लू होता, छातीत उतरला. तेव्हापासून शेठनं मनावर घेतलं होतं की आसपासच्या वाड्यांतल्या शाळकरी पोरांना ही लस आपल्या खर्चानं द्यायची. टोचायला सरकारी दवाखान्याची सिस्टर, नावं लिहायला आशाताई. मंगळवारी पहिली ते चौथी, बुधवारी पाचवी ते सातवी.

आता प्रयागबाई काही लसीच्या वैरी नव्हत्या. मुलगा सयाजी लहान असताना त्याला कडेवर घेऊन त्या लिंबाखाली रांगेत सगळ्यांत पुढं उभ्या राहिल्या होत्या, आणि मागच्या बायांना घाबरट म्हणाल्या होत्या. या खेपेलाही वरच्या आळीला निरोप त्यांनीच दिला होता.

तो असा. सोमवारी तिन्हीसांजेला हर्षालीला एका बाळंतिणीला घेऊन नारायणगावच्या दवाखान्यात जायचं होतं. जीप दारात उभी. ती चपला घालता घालता म्हणाली, "आई, खालच्या आळीला मी सांगून आलेय. वरच्या सहा घरांना तेवढं तुम्ही सांगा. सकाळी पोरांना पोटभर खाऊ घालून, पाणी पाजून पाठवा म्हणावं. मी उद्या तिकडनं परस्पर शाळेत येईन."

प्रयागबाईंनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, चुकलं पोरीचं.

कारण महिन्यापूर्वी त्या स्वतः साखर तपासायला नारायणगावला गेल्या होत्या. घरून चहा-भाकरी खाऊन. लॅबवाल्या पोरीनं हातात सुई घेतली, विचारलं, खाल्लंय का, आणि सरळ परत पाठवलं. उपाशीपोटी या, म्हणाली, वीस माणसांसमोर. शेअर जीपनं पुन्हा दुसऱ्या दिवशी जावं लागलं. एवढा हेलपाटा पडल्यावर माणूस शिकतो. सुईचं काम असलं की पोट रिकामं पाहिजे, हे प्रयागबाईंना आता कुणी सांगायला नको होतं. बारावी शिकलेल्या सुनेला ते माहीत नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

म्हणून त्यांनी निरोप सुधारला. सहाही उंबऱ्यांवर उभं राहून सांगितलं, "रात्री आठनंतर पोराच्या तोंडात काय बी घालू नका. सकाळी चहा न्हाई, पाणी न्हाई. सुईचं काम हाय. हर्षालीनं सांगितलंय."

नाव सुनेचं घेतलं. आशाताईचा शब्द म्हणजे सरकारी शब्द. म्हातारीचा शब्द म्हणजे नुसती कटकट.

सकाळी स्वराजनं बिस्किटाचा डबा काढला तर त्यांनी तो फळीवर वर ठेवून दिला होता.

शाळेचं फाटक मास्तरांनी आतून लावलं होतं. प्रयागबाईंना बघून त्यांनी निमूट उघडलं आणि पुन्हा कडी घातली. ऑक्टोबरचं ऊन. पत्र्याच्या खोलीत सतरंजीवर सहा पोरं आडवी होती. दप्तरं पायांखाली देऊन त्यांचे पाय वर केलेले. जया सिस्टर, जुन्नरहून नवीनच बदलून आलेली, एका पोरीच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधून गुडघ्यावर बसली होती. ती पोरगी रामनाथची अक्षदा. ओठ पांढरे, कपाळावर घाम, शेजारी नुसतं पिवळं पाणी ओकलेलं. हर्षालीनं स्वराजचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"काय घातलंस गं पोरांच्या अंगात," प्रयागबाई सिस्टरला म्हणाल्या. दारातूनच. वाटभर जुळवून आणलेलं आणखीही बरंच होतं.

पण ते ओठांवरच राहिलं. कारण मधल्या खिडकीतून पलीकडची खोली दिसत होती, आणि तिथं तीस-पस्तीस पोरं दंडाला कापूस धरून एकमेकांना ढकलत होती. त्यांनाही तीच सुई टोचली होती. एक जण बाकावर उभा राहून पडल्याची नक्कल करत होता आणि बाकीचे हसत होते. सगळी खालच्या आळीची.

प्रयागबाईंनी सतरंजीकडं पुन्हा पाहिलं. स्वराज, सूरज, अक्षदा, बयाबाईची दोघं, जानकूचा धाकटा. सहा पोरं, आणि सहाही वरच्या आळीची.



सिस्टरनं फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता. पलीकडं दवाखान्याचे डॉक्टर. गाडीत बसल्याचा आवाज येत होता.

"मुलं काही खाऊन आली होती का?"

"हो सर," हर्षाली म्हणाली. "मी सगळ्या घरी तसं सांगितलं होतं. नाश्ता करून, पाणी पिऊन."

"नक्की?"

"नक्की सर."

 "मग भीतीनं चक्कर आली असं एकदम धरता येत नाही. सहा म्हणजे जास्त झाली. सिस्टर, तोंडावाटे काही देऊ नका. श्वासाकडं बघत राहा, अंगावर गांधी येतात का बघा. रिअॅक्शनचं इंजेक्शन भरून ठेवा. कुणाची छाती घरघरली, ओठ सुजले तर थांबू नका, लगेच द्या. मी पोचतोय, पंचवीस मिनिटं."

सिस्टरनं पेटी उघडली.  काचेची छोटी कुपी तिच्या हातातून दोनदा घसरली.

प्रयागबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. स्वराजनं डोळे किलकिले केले आणि आजीचा हात चाचपला. हात गार होता पोराचा.

"आजी," तो म्हणाला, "झाली ना सुई?"

"झाली बाळा."

"मग आता पाणी पिऊ?"

हर्षालीनं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. "थोडा थांब राजा. डॉक्टर नको म्हणालेत." तिला वाटलं, पोराला तहान लागलीय. एवढंच. प्रयागबाईंना मात्र कळलं की पोरगं आईला नाही, आपल्याला विचारतंय. कालपासून जिनं परवानगी रोखली होती, तिलाच.

बोलावं तर तोंड उघडेना. साठ वर्षं जे तोंड कुणासमोर अडलं नव्हतं, ते सुनेसमोर अडलं. प्रयागबाईंनी मनाशी म्हटलं, पंचवीस मिनिटांचं तर काम आहे, डॉक्टर येतील, त्यांचं त्यांना कळेल. तेवढ्यात सिस्टरनं सुईत औषध ओढलं आणि वर धरून बघितलं. अक्षदा कण्हली आणि तिची मान एका अंगाला कलली.

"उपाशी हायेत," प्रयागबाई म्हणाल्या.

"काय?" सिस्टर वळली.

"पोरं उपाशी हायेत. काल रातीपासनं. पाणी बी न्हाई पोटात."

सिस्टरनं एकदा त्यांच्याकडं, एकदा हर्षालीकडं बघितलं आणि फोन उचलला. पुढं सगळं भराभर झालं. डॉक्टरांनी अक्षदाच्या बोटातून थेंब काढून साखर बघायला सांगितली. आकडा खाली होता. खिचडीच्या खोलीतून साखर आली, तांब्यात कालवली, ज्याला नीट गिळता येतंय त्याला चमच्यानं घोट घोट पाजा म्हणाले. हर्षाली एकेका पोराचं डोकं उचलून पाजत होती. ती सासूकडं बघत नव्हती. काही विचारतही नव्हती, आणि प्रयागबाईंनी पुढं काही सांगितलं नाही. उपाशी आहेत एवढं बोलून झालं होतं. का उपाशी आहेत, ते कुणी विचारलं तर बघू.

ते विचारायला फाटकावर माणसं जमलीच.

रामनाथ जवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रावर नोकरीला. ड्यूटीवरून तसाच आला होता, गळ्यात ओळखपत्र. नारायणगाव मार्केटला टोमॅटो खाली करून सयाजी परत येत होता, त्याच्या पिकअपमध्ये रामनाथ वाटेत बसला होता. मागं ठकूबाई, बयाबाई, मळ्यातल्या मातीच्या हातापायांच्या सगळ्या. रामनाथनं फाटकाची कडी हात घालून आतून काढली आणि मास्तरांना बाजूला केलं.

"लसीचा डबा जागचा हलवायचा न्हाई," तो म्हणाला. "त्याचे फोटो काढायचेत मला. सयाजी, गाडी फिरव. पोरं पुण्याला न्यायची."

"भाऊ, जरा थांबा," हर्षाली दारात आडवी आली. "साखर-पाणी दिलंय. सूरज उठून बसलाय बघा. डॉक्टर येतायत दहा मिनिटांत."

"कसली लस व्हती ती? मुदत संपलेली?"

"शेठच्या नातवंडांना, संयमला आणि सिद्धीला, रविवारी हीच दिलीय. याच डब्यातली. खालच्या आळीची पोरं बघा तिकडं, उड्या मारतायत."

"मग आमच्याच पोरांनी काय पाप केलं?"

ठकूबाई आत घुसून सूरजला पोटाशी धरून बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "उपाशी पोरांना सुया टोचल्यावर दुसरं काय व्हनार. मी तवाच म्हनलं व्हतं, पाणी तरी पाजू द्या. पण न्हाई. आशाताईंचा हुकूम."

"माझा?" हर्षाली म्हणाली.

"तुझाच की. रातच्या आठापासनं तोंडात काय घालायचं न्हाई. पोरगं सकाळी दाराला धरून रडलं माझं."

"मी असं सांगितलं नव्हतं."

"आता कशाला फिरतीस. सगळ्या आळीला तुझ्याच नावानं निरोप आला."

बायांनी माना हलवल्या. बयाबाई म्हणाली, व्हय, आमच्याकडं बी.  हर्षालीनं सासूकडं बघितलं. एकदाच, आणि खाली बघितलं. चारचौघांत सासूला खोटं पाडायचं नाही, ही तिची नऊ वर्षांची सवय. घरात मीठ जास्त पडलं तरी मुकाट ऐकून घेणारी ती. प्रयागबाईंनीच लावलेली सवय, आणि त्यांना तिचा अभिमान होता.

"बघितलं?" रामनाथ म्हणाला. त्याचा आवाज आता चढत नव्हता, आणि तेच वाईट होतं. "पोरगी माझी पांढरीफटक पडलीय अन् ही बाई म्हणती मी सांगितलंच न्हाई. मास्तर, एक वही द्या. मी लिहितो. तालुक्याला द्यायचं. ही बाई आमच्या वाडीला आशा म्हणून नको. सगळ्यांनी सह्या करा. अन् हर्षाली, आजपासनं माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई."

वही आली. रामनाथ बाकावर बसून लिहू लागला.

हर्षाली आशाताई झाली तेव्हा वरच्या आळीतली दोन घरं तिला ओट्यावरच उभी करायची. चार वर्षं ती उन्हातान्हाची हिंडली, तेव्हा कुठं बाया तिला आत बोलावून दुखणंखुपणं सांगू लागल्या. घरी आल्यावर ती हे सांगायची, आज अमकीनं आत बोलावलं, आणि प्रयागबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, मग काय ओवाळायचं का तुला. आता ते सगळं रामनाथच्या बॉलपेनाखाली एकेका ओळीनं पुसलं जात होतं.

सयाजी बायकोजवळ गेला. तो शांत माणूस, पण कानशिलं लाल झाली होती. "हर्षा, बोल की. काय सांगितलंस तू?"

ती तांब्यातली साखर ढवळत राहिली.

मग तो आईकडं वळला. "आई, निरोप तुझ्याजवळ दिला व्हता ना हिनं? काय म्हणाली व्हती ही?"

सगळ्या माना प्रयागबाईंकडं वळल्या. रामनाथचं पेनही थांबलं. प्रयागबाईंना कळत होतं की आपण एक शब्द बोललो की वाडी तोच खरा धरणार. उपाशी म्हणाली व्हती. संपलं. सून काही बोलणार नाही. घरी गेल्यावर फार तर दोन दिवस अबोला धरील. आणि आपलं आळीतलं बसणं-उठणं, वाकडं-सरळ करणं, सगळं जागच्या जागी राहील.

स्वराज साखर-पाण्यानं जरा भानावर येऊन त्यांच्याकडंच बघत होता.

"पोटभर खाऊ घालून पाठवा म्हणाली व्हती," प्रयागबाई म्हणाल्या. "पाणी पाजून. मीच उलटं सांगितलं."

"आई," सयाजी म्हणाला.

"तू गप. विचारलंस ना, मग ऐक. साखर तपासायला मला उपाशी बोलावलं व्हतं. मला वाटलं सुई म्हंजी सुई. हिला कळत न्हाई असं वाटलं मला."

रामनाथ उठला. "तुमच्या साखरंचा अन् माझ्या पोरीचा काय संबंध, काकी?"

"काय न्हाई."

"अन् नाव हिचं का घेतलं?"

 वाटेत येताना प्रयागबाईंनी यातलं काहीच जुळवलं नव्हतं. "माझं घेतलं असतं तर तू ऐकलं असतंस का?" त्या म्हणाल्या.

कुणीतरी फुसकन हसलं. ठकूबाई असावी. "आक्का, डॉक्टरच व्हायचं व्हतं की मग," ती म्हणाली. "साखर तपासायचा हेलपाटा तरी वाचला असता." प्रयागबाईंनी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी ठकूबाई हे बोलून उभी राहिली नसती.

डॉक्टर आले. एकेका पोराला वेळ देऊन तपासलं. उपाशी पोट, तहान, ऊन आणि सुईची धास्ती. एक पडलं की बघणारी पडतात, म्हणाले. लसीनं दंड दुखेल, एखाद्याला बारीक ताप येईल, तो दोन दिवसांत जाईल. अक्षदाला तासभर सलाईन लावली. सलाईन अर्धी झाली तेव्हा ती उठून बसली आणि भात मागितला. रामनाथनं वहीचा कागद फाडला, पण फेकला नाही. घडी करून खिशात घातला.

घरी आल्यावर हर्षालीनं स्वराजला वरणभात भरवला आणि झोपवला. प्रयागबाई ओट्यावर बसून होत्या. आत बोलावण्याची वाट बघत होत्या, असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला झाडलं असतं.

हर्षाली बाहेर आली ती खांद्याला पिशवी लावूनच.

"आई, उद्या पाचवी ते सातवी आहे. वरच्या आळीतली नऊ पोरं आहेत. एकही येणार नाही."

"न्हाईच येणार."

"चला मग."

"कुठं?"

"सहा घरी. काल जशा गेलात तशाच. फक्त आज मी जे सांगीन तेच सांगायचं. शब्दाला शब्द. मी शेजारी उभी राहते."

"माफी मागू म्हणतीस दारोदार? या वयात?"

"माफीचं तुमचं तुम्ही बघा," हर्षाली म्हणाली. "मला निरोप पोचवायचाय."

नऊ वर्षांत या आवाजात ती बोलली नव्हती. प्रयागबाईंना उत्तर सुचत होतं, चांगलं झणझणीत. त्यांनी चपला शोधल्या.

ठकूबाईनं दोनदा सांगायला लावलं. पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणाली. बयाबाईनं चहा पुढं केला, पण हर्षालीच्या हातात. जानकूची बायको दाराआडून ऐकून घेऊन आत गेली. प्रत्येक उंबऱ्यावर प्रयागबाई तेच म्हणाल्या, काल मी खोटा निरोप दिला, खरा हा असा आहे. तिसऱ्या घरानंतर आवाज बसला. तरी थांबल्या नाहीत.

शेवटी रामनाथचं दार. तो अंगणात बाजेवर बसला होता. अक्षदा त्याच्या मांडीला टेकून भाकरी कुस्करून खात होती. त्याचा थोरला मुलगा सहावीत; त्याचं नाव उद्याच्या यादीत होतं.

"तिथनंच सांगा," रामनाथ म्हणाला.

प्रयागबाई फाटकापाशी थांबल्या. शेजारी हर्षाली. दोघींपैकी एकीलाही आत यायचं आमंत्रण नव्हतं.

"अक्षदाचा दंड दुखंल," त्या म्हणाल्या. "रातच्याला अंग तापलं तर घाबरायचं न्हाई. सिस्टरनं जे औषध दिलंय तेवढंच, सांगितलंय तेवढंच. दुसरा काढा-बिढा न्हाई. पाणी भरपूर. श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, तर वाट बघायची न्हाई, हर्षालीला फोन. अन् थोरल्याला उद्या पाठवणार असशील तर भरपेट खाऊ घालून पाठव."

 रामनाथनं पोरीच्या कपाळाला हात लावून बघितला.

"हे तुमचं, का हर्षालीचं?"

"हर्षालीचं," प्रयागबाई म्हणाल्या. "माझं त्यात काय बी न्हाई."